अपघात होऊन गेला, पण डोक्यात अजून चालूच आहे? मेंदूला तारीख कशी सांगायची

अंगावर काही भयंकर येऊन गेलेली माणसं हमखास सांगतात की तेव्हा सगळं स्लो मोशनमध्ये चाललं होतं. २००७ साली डेव्हिड ईगलमन या मेंदूशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या टीमचा एक प्रयोग छापून आला, त्यात लोकांना ३१ मीटरवरून खाली जाळीत सोडलं होतं (हो, खरंच!). स्वतःचं पडणं त्यांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा ३६ टक्के लांबलेलं वाटलं, पण मनगटावर बांधलेल्या यंत्रातले भराभर बदलणारे आकडे काही नेहमीपेक्षा जास्त वाचता आले नाहीत; वेळ खरंच स्लो झाला असता तर ते वाचता आले असते. म्हणजे वेळ स्लो झालाच नव्हता, आठवण दाट झाली म्हणून नंतर लांब वाटली.

खरा त्रास पुढे सुरू होतो. मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, तेव्हा जोरात असतो आणि आठवणीवर टपालासारखा जागेचा-वेळेचा शिक्का मारणारा दुसरा भाग, हिप्पोकॅम्पस, मागे पडतो, मग ती बिनशिक्क्याची आठवण नुसता ब्रेकचा आवाज आला तरी "आत्ताच होतंय" अशी उसळते. किल्लारीचा भूकंप १९९३ च्या अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास झाला, तिकडे कुणाला विसर्जनाचे ढोल ऐकून धस्स होत असेल तर त्यात नवल काय.

तर असा झटका आला की डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीला टेकवा आणि मोठ्याने बोला: आज वार कुठला, साल कुठलं, मी कुठे आहे, माझं वय किती. मग तेव्हा नसलेली एखादी वस्तू शोधा, नंतर घेतलेला मोबाईल, नवीन पडदे, काहीही, आणि ती हातात धरून बघा, कारण ती आहे म्हणजे ती वेळ मागे गेलीये. श्वास आत घेता त्यापेक्षा सावकाश सोडा. डोळे मिटून ध्यान सगळ्यांना सोसत नाही, काहींचं उलट वाढतं, त्यामुळे जबरदस्ती नको.

समोरच्याला होत असेल तर "विसर आता" म्हणू नका प्लीज, आणि पहिल्याच दिवशी सगळं खोदून खोदून विचारूही नका, तो सांगेल तेवढंच ऐका. झोपेसाठी दारू तर नकोच, झोप आणखी मोडते.

पहिले काही आठवडे असं होणं नॉर्मल आहे. महिना उलटला तरी तेच, किंवा जीव द्यावासा वाटतोय तर महिन्याचीही वाट न बघता सायकॅट्रिस्ट गाठा, ट्रॉमासाठीची (म्हणजे अशा धक्क्यासाठीची) सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायला लावणारी) या थेरपींनी बऱ्याच जणांना फरक पडतो. जवळपास कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत बोला.