खोलीतल्या सोबत्याने झोपेच्या गोळ्या सुरू केल्या असतील, तर

नागपुरात डॉक्टरकी, दंतवैद्यक किंवा नर्सिंग शिकणाऱ्यांचे व्यसन पुष्कळदा मौजेतून नव्हे, तर जागरणातून सुरू होते. रात्र जागवण्यासाठी टपरीवरचा खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणि पहाटे झोप यावी म्हणून अल्प्राझोलामची गोळी, ही जोडी वसतिगृहात राहिलेल्यांना नवी नाही. सुपारीने तोंड उघडेनासे होते, हे ओपीडीत रुग्णाला बजावणारेच बाहेर येऊन खर्रा घोटून घेतात. औषधाची मात्रा पाठ आहे म्हणजे औषध आपल्या ताब्यात आहे, हा या पेशातला खास भ्रम होय.

सोबत्याशी बोलायचे ते एकांतात आणि तो नशेत नसताना. ‘तू व्यसनी झालास’ असे न म्हणता डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे: ‘तीन आठवडे तू सकाळच्या वॉर्ड पोस्टिंगला आला नाहीस आणि रोज रात्री गोळी घेतोस.’ मात्र त्याच्या गोळ्या फेकून देऊ नयेत. बरेच दिवस रोज घेतलेले अल्प्राझोलाम एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याचेही तसेच असून, ती अचानक थांबवल्यावर साधारण 48 ते 72 तासांत भ्रम आणि कंप यांसह जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते.

खरी अडचण पुढे असते. आपल्याच कॉलेजच्या मनोविकार ओपीडीत उद्या व्हायवा (तोंडी परीक्षा) घेणारे सर बसलेले असतात, आणि ही भीती खुळी म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. या बाबतीत नागपूर सोयीचे आहे: मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) विद्यार्थ्याने मेयोत (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) जावे, मेयोच्या विद्यार्थ्याने मिहानमधील एम्स गाठावे, प्रादेशिक मनोरुग्णालय तर सर्वांनाच खुले आहे. आधी नुसते बोलायचे असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो व तेथे मराठीतही बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी 14446 आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 नुसार उपचारांची माहिती, जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद वगळता, गोपनीय ठेवावी लागते, हेही त्याला सांगावे.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते मनात शिरत नाहीत. उत्तर ‘हो’ आले तर त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, खोलीतील गोळ्या व इंजेक्शने बाहेर हलवावीत आणि जवळच्या कॅज्युअल्टीत (रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात) न्यावे. त्या वेळी कोणते कॉलेज याचा विचार करू नये.

पहिल्या भेटीला सोबत जावे आणि दुसऱ्या भेटीची तारीख आपल्याही मोबाइलमध्ये नोंदवावी, कारण पोस्टिंग बदलली की नेमकी तीच चुकते.