कुठला अँटीव्हायरस टाकू? आधी हे करून बघा, मग पैसे घाला

लॅपटॉप स्लो झाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, "व्हायरस आलाय वाटतं", आणि दुसरं, "एखादा चांगला अँटीव्हायरस सांग ना". पण बऱ्याचदा व्हायरसबियरस काही नसतो हो. कंट्रोल शिफ्ट एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कच्या कॉलममध्ये सारखं १०० टक्के दिसत असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क न् ४ जीबी रॅम असेल तर जगातला कुठलाही अँटीव्हायरस टाकून ते पळणार नाही, उलट अजून बसेल. तिथे एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क टाकून घ्या, पैसे सत्कारणी लागतील.

दुसरा प्रकार म्हणजे खाली उजव्या कोपऱ्यात सारखं येत राहतं, "तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले", "सबस्क्रिप्शन संपलं, आत्ताच रिन्यू करा". घरातली मोठी माणसं यानेच जास्त घाबरतात. त्या चौकटीत नीट बघा, बारीक अक्षरात गूगल क्रोम आणि कुठल्यातरी विचित्र साइटचं नाव असतं. म्हणजे कधीतरी फुकट मॅच नाहीतर सिरीयल बघायला कोणीतरी त्या साइटवर गेलं आणि "अलाऊ" दाबून मोकळं झालं. क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी साइट दिसतील त्या सगळ्या काढून टाका, विषय संपला. आणि स्क्रीनभर लाल पाटी, वरून सायरन, खाली "मायक्रोसॉफ्ट सपोर्ट"चा फोन नंबर असं आलं तर तो नंबर अजिबात लावायचा नाही, एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्ट अशा पाटीवर कधीच फोन नंबर देत नाही, आणि समोरचा एनीडेस्क, म्हणजे लांबून तुमचं मशीन चालवता येणारं अ‍ॅप टाकायला सांगायला लागला की समजून जायचं, हा चोर.

आता खरंच काहीतरी शिरलंय हे कशावरून ओळखायचं? विंडोजबरोबरच येणारा फुकट अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडर, आपोआप बंद झालाय आणि चालूच होत नाही, ब्राउझरचं सर्च स्वतःहून बदलतंय, तुमच्या नावाने लोकांना भलतेच मेसेज जातायत, असं काही असेल तर मात्र हातातलं काम सोडून हे करा. विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये आधी अपडेट मारून घ्या, मग वायफाय बंद, आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन फुल स्कॅन लावा. याला वेळ लागतो, जेवून या. नंतर त्याच यादीत खाली ऑफलाइन स्कॅन असतो, तो बरेच जण बघतच नाहीत आणि खरी मजा त्यातच आहे. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे विंडोजबरोबर उठून लपून बसणारा व्हायरस तेव्हा झोपलेला असतो, लपायला वावच नाही. साधारण १५ मिनिटं लागतात, फक्त उघड्या फाइल सेव्ह करून ठेवा.

तरी शंका राहिली तर दुसऱ्याचं मत घ्या, मालवेअरबाइट्सची फ्री आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्टचाच सेफ्टी स्कॅनर. हा सेफ्टी स्कॅनर डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून जुना ठेवून उपयोग नाही, दरवेळी नवा घ्यायचा. मशीन साफ झाल्यावर पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून, आणि गूगल, फेसबुकला "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट" पण करा. हल्लीचे चोर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड तर नेतातच, वर लॉगिन चालू असल्याची कुकी, म्हणजे ब्राउझरने ठेवलेली खुणेची चिठ्ठीही उचलतात, मग ओटीपी लावलेला असूनही अकाउंट जातं. ज्या मशीनवर नेटबँकिंग करता तिथे मी तर फोटो न् कागदपत्रं बाजूला काढून विंडोज सरळ रिसेट मारेन, रिमूव्ह एव्हरीथिंग आणि क्लाउड डाउनलोड निवडून.

पेनड्राइव्हचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण झेरॉक्सवाला, फ्लेक्सवाला, सायबर कॅफे, कॉलेजची लॅब असं सगळीकडे फिरून तो घरी येतो आणि उघडावं तर आत फक्त एक शॉर्टकट. लोक म्हणतात डेटा उडाला. नाही उडालेला! त्या शॉर्टकटवर डबलक्लिक मात्र करू नका, तेच तर त्याला हवंय. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स दाखवा करा आणि त्याच्या खाली "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स" असते ती टिक काढा, बऱ्याचदा आत एक बिननावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात तुमचं सगळं जसंच्या तसं पडलेलं असतं. त्यातून फोटो, पीडीएफ, वर्ड एवढंच कॉपी करा, डॉट ईएक्सई न् डॉट व्हीबीएस असलं काही उचलू नका, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट. पण आधी कॉम्प्युटर साफ असल्याची खात्री करा, नाहीतर फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लावला की परत शॉर्टकट हजर, आणि माणूस पेनड्राइव्हला शिव्या देत बसतो.

रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने फाइल लॉक केल्या, प्रत्येक नावाच्या शेवटी भलतंच एक्स्टेंशन लागलं, तर नेट लगेच तोडा, बाहेरची डिस्क काढा, पैसे भरू नका. नो मोअर रॅन्सम म्हणून साइट आहे, २०१६ साली युरोपोल (युरोपियन युनियनची पोलीस संस्था), डच पोलीस आणि सिक्युरिटी कंपन्यांनी मिळून सुरू केलेली, तिथे लॉक झालेली एखादी फाइल टाकली की कुठला प्रकार आहे आणि फुकट किल्ली उपलब्ध आहे का ते कळतं. सगळ्यांना मिळतेच असं नाही. म्हणून अँटीव्हायरसच्या आधी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा लावायची, कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची. कायम लावून ठेवलीत तर तीही लॉक होणार. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, लोकांनी टाकला नव्हता एवढंच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा अजून तेच वापरत असाल तर जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा नाहीतर ११ वर जा, तिथे महागडा अँटीव्हायरस टाकून भोक बुजत नाही.

आता मूळ प्रश्न. विंडोज अपडेटेड आहे, क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरटी फाइल) टाकत नाही, तर घरच्या वापराला डिफेंडर पुरतो, खरंच पुरतो. क्रॅकचं का म्हणतोय तर त्याच्याबरोबर येणाऱ्या रीडमीत बघा, "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं लिहिलेलं असतं आणि आपण मुकाट्याने करतो, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मराठी टायपिंगसाठी तर क्रॅकची गरजच नाही, विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड फुकट आहे.

विकतचा कधी घ्यावा? पेनड्राइव्ह सतत बाहेर फिरतो, मुलांवर कंट्रोल हवाय, किंवा एकाच लायसनमध्ये घरातले फोन पण घ्यायचेत, तेव्हा. क्विक हील आपल्या पुण्याचा, काटकर बंधूंनी उभा केलेला, त्याचं कौतुक आहेच पण तेवढ्यावर घेऊ नका. अँटीव्हायरसची परीक्षा घेणाऱ्या दोन संस्था, जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज, यांचे निकाल बघा. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातला त्रास या तिन्हींना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते, आपल्या जुन्या लॅपटॉपवाल्यांनी वेगाचे गुण आधी बघावेत. फुकटवाल्यांचं पण जरा जपून, अव्हास्टने ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेत १.६५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं.

दोन अँटीव्हायरस एकदम टाकू नका, दोघं एकमेकांवरच संशय घेत बसतात. नव्या लॅपटॉपबरोबर ट्रायल आलेली असेल आणि घ्यायची नसेल तर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, डिफेंडर आपोआप चालू होतो. घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षीची विचारा आणि ऑटो-रिन्यू तिथल्या तिथे बंद करा. दुकानातून डबा घेतलात तर सील बघून घ्या, आतली लायसन-की दुकानदारासमोरच टाकून कितव्या तारखेपर्यंत चालणार ते स्क्रीनवर वाचा आणि लायसन-कीचा फोटो काढून ठेवा, फॉरमॅट मारल्यावर तीच लायसन-की परत लागते आणि तेव्हा डबा सापडत नाही.