'ऑल्दो' आल्यावर 'बट' कशाला? इंग्रजी उभयान्वयी अव्ययांच्या या चुका टाळा

माझ्या संध्याकाळच्या वर्गात नोकरी सांभाळून इंग्रजी शिकायला येणारी मंडळी असतात. त्यांतल्या एका बाईंनी परवा रजेचा अर्ज लिहून आणला. पहिलंच वाक्य होतं, 'ऑल्दो आय वॉज इल, बट आय केम टू ऑफिस ऑन मंडे.' काळ बरोबर, क्रियापदं बरोबर, स्पेलिंगमध्ये खोट नाही. मी फक्त 'बट'भोवती गोल केला. त्यांनी वहीकडे बघितलं आणि विचारलं, "पण मॅडम, 'जरी' म्हटलं की 'तरी' यायलाच हवं ना?"

प्रश्न अगदी रास्त होता. मराठी माणसाच्या इंग्रजीत उभयान्वयी अव्ययांच्या ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ याच प्रश्नात आहे. मराठी वाक्य जोडीनं चालतं. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, ज्याअर्थी-त्याअर्थी. आधी 'ज' आला की आपला कान 'त'ची वाट बघतो, आणि तो आला नाही तर वाक्य अर्धवट वाटतं. इंग्रजीत अशा ठिकाणी एकच शब्द दोन्ही वाक्यांना बांधतो.

शाळेत आपण उभयान्वयी अव्ययांचे दोन गट शिकलो होतो, प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक. इंग्रजीतही तेच दोन गट आहेत. पहिल्या गटात सातच शब्द सांगतात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. हे दोन बरोबरीच्या वाक्यांना जोडतात. ऑल्दो, बिकॉज, इफ, व्हेन, अनलेस, सिन्स हे दुसऱ्या गटातले. ते ज्या वाक्याच्या आधी लागतात त्याला गौण करून टाकतात. 'ऑल्दो'नं पहिलं वाक्य गौण केलं आणि तिथेच 'बट'नं दोन्ही वाक्यं बरोबरीची आहेत असं सांगितलं, तर वाचणाऱ्यानं कोणाचं ऐकायचं?

म्हणून लिहून झालं की क्रियापदं मोजा. साध्या जोडवाक्यात मुख्य क्रियापदं दोन असतील तर जोडणारा शब्द एक पुरतो, तीन असतील तर दोन. 'बिकॉज इट वॉज रेनिंग, सो आय स्टेड ॲट होम' यात क्रियापदं दोन आणि जोडणारे शब्दही दोन. एक काढा. कोणताही काढला तरी वाक्य शुद्ध होतं.

दोन अपवाद सांगायला हवेत, नाहीतर उगाच घाबरायला होईल. 'इफ'च्या पुढे 'देन' चालतं, विशेषतः गणितात किंवा अटी मांडताना, पण रोजच्या वाक्यात त्याची गरज नसते. आणि जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत 'दो'च्या जोडीला 'येट' दिसतं. ते चूक नाही, फक्त आता कोणी तसं फारसं लिहीत नाही. 'ऑल्दो'च्या जोडीला 'बट' मात्र कधीच नाही.

'नाही' कुठून घुसतो?

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक 'अनलेस'ची. कारण इथे वाक्य नुसतं अशुद्ध होत नाही, अर्थच उलटा होतो. 'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल नॉट पास.' लिहिणाऱ्याच्या मनात असतं, 'जर तू अभ्यास केला नाहीस तर पास होणार नाहीस.' पण 'अनलेस'च्या पोटातच 'नाही' आहे. त्यात 'डोन्ट' घातलं की दोन नकार एकमेकांना खातात आणि वाक्याचा अर्थ होतो, 'अभ्यास केलास तर तू पास होणार नाहीस'!

यावर मी वर्गात जो उपाय सांगते, तो मराठीतलाच आहे. आपल्याकडे जर-तर शिवायही एक रचना आहे: 'अभ्यास केल्याशिवाय तू पास होणार नाहीस.' बघा, 'केल्याशिवाय'मध्ये 'नाही' शब्द येत नाही, तो पुढच्या भागात एकदाच येतो. इंग्रजीही नेमकं तेच करतं: 'अनलेस यू स्टडी, यू विल नॉट पास.' म्हणजे 'अनलेस' लिहायचं असेल तेव्हा मनात 'जर नाही' आणू नका, 'शिवाय' आणा.

'अंटिल'चंही तसंच. 'जोपर्यंत मी येत नाही, तोपर्यंत इथेच थांब' हे आपल्या तोंडात बसलेलं वाक्य. त्यावरून सरळ लिहिलं जातं, 'वेट हिअर अंटिल आय डोन्ट कम.' पण आपण 'मी येईपर्यंत थांब' असंही म्हणतोच की! त्यात नकार नाही. मग इंग्रजी आपोआप येतं: 'वेट हिअर अंटिल आय कम.'

'लेस्ट' हा शब्द बोलण्यात फारसा येत नाही, परीक्षेत मात्र येतो. 'गाडी चुकू नये म्हणून भराभर चाल' यातला 'नये' मनात घोळत असल्यानं 'लेस्ट यू शुड नॉट मिस द ट्रेन' लिहिलं जातं. 'लेस्ट'मध्येही नकार आधीच आहे. 'वॉक फास्ट लेस्ट यू शुड मिस द ट्रेन' एवढंच.

दोन्हीकडे 'विल' नको

'मी पोचेन तेव्हा फोन करीन.' मराठीत दोन्ही क्रियापदं भविष्यकाळी, म्हणून इंग्रजीतही 'व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू' होतं. व्हेन, इफ, अंटिल, बिफोर, आफ्टर, ॲज सून ॲज यांच्यामागे भविष्याची गोष्ट असली तरी क्रियापद साध्या वर्तमानकाळात येतं आणि 'विल' फक्त मुख्य वाक्यात राहतं. इथेही मराठीतली दुसरी रचना हाताशी धरा: 'पोचल्यावर फोन करीन.' भविष्यकाळ एकदाच आला. 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच होम.'

मात्र 'व्हेन' प्रश्न म्हणून आला असेल तर 'विल' चालतं. 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे वाक्य शुद्ध आहे, कारण तिथे 'तो येईल तेव्हा' म्हणायचं नाही, 'तो कधी येईल' म्हणायचंय. मनात 'तेव्हा' येतंय की 'कधी', एवढं बघितलं की गोंधळ मिटतो.

एक 'कारण', दोन कामं

मराठीत 'कारण' हे नामही आहे आणि उभयान्वयी अव्ययही. इंग्रजीत नामासाठी 'रीझन' आणि जोडण्यासाठी 'बिकॉज' असे वेगळे शब्द आहेत. त्यामुळे 'द रीझन इज बिकॉज' असं लिहिलं जातं. बोलताना इंग्रज माणूसही कधी कधी असं म्हणतो, पण अर्जात, निबंधात, कचेरीच्या पत्रात ते नको. आपण मराठीत काय म्हणतो? 'उशीर होण्याचं कारण असं की...' तो 'की'च इंग्रजीतला 'दॅट' आहे: 'द रीझन इज दॅट द बस ब्रोक डाउन.'

'बिकॉज'च्या मागे वाक्य येतं, 'बिकॉज ऑफ'च्या मागे नाम. 'पाऊस पडत होता म्हणून' असेल तर 'बिकॉज इट वॉज रेनिंग', 'पावसामुळे' असेल तर 'बिकॉज ऑफ द रेन'. 'मुळे' लागलं की 'ऑफ' लागलं, ही खूण मुलांना चटकन पटते.

'असूनही' म्हणायचं असलं तर 'डिस्पाइट द रेन' किंवा 'इन स्पाइट ऑफ द रेन'. या दोघांची सरमिसळ होऊन 'डिस्पाइट ऑफ' तयार होतं आणि मोठमोठ्या पदव्या असलेल्यांच्या ईमेलमध्येही दिसतं. 'डिस्पाइट'ला 'ऑफ' लागत नाही. आणि या दोन्हींच्या मागे पूर्ण वाक्य येत नाही, कारण ही मुळात उभयान्वयी अव्ययं नाहीतच, ती शब्दयोगी आहेत. 'डिस्पाइट इट वॉज रेनिंग' चूक. पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर 'ऑल्दो'कडेच जा.

'की'चे किती अर्थ?

आपला 'की' फार कामसू आहे. 'तो म्हणाला की उद्या सुट्टी आहे' इथे तो 'दॅट'. 'चहा की कॉफी?' इथे तो 'ऑर'. 'पोचलो की फोन करतो' इथे 'ॲज सून ॲज'. आणि 'त्यानं विचारलं की तू कुठे चाललास' इथे? इथे इंग्रजीत त्याला जागाच नाही.

तिथेच घसरायला होतं. 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज आय गोइंग' यात दोन चुका एकत्र आल्यात. 'व्हेअर' स्वतःच दोन वाक्यांना जोडतंय, म्हणून 'दॅट' जास्तीचा. आणि आता तो सरळ प्रश्न उरलेला नाही, म्हणून 'वॉज आय' हा प्रश्नाचा क्रमही नको. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग' एवढंच पुरे. कुठे, कधी, का, कसं असा प्रश्नशब्द नसेल आणि मराठीत शेवटी 'का' असेल, म्हणजे 'तू येणार आहेस का असं त्यानं विचारलं', तर 'दॅट' नाही, 'इफ' किंवा 'व्हेदर' घ्या: 'ही आस्क्ड मी इफ आय वॉज कमिंग.'

बोर्डाच्या परीक्षेतली आवडती जोडी

दहावी-बारावीच्या वाक्यरूपांतरात 'नो सूनर' आलं की मुलं हमखास अडतात. त्याच्या जोडीला 'दॅन' येतं, 'व्हेन' नाही, 'देन' तर नाहीच. कारण कळलं तर पाठ करावं लागत नाही. 'सूनर' हे तुलनेचं रूप आहे, जसं 'बेटर' किंवा 'टॉलर'. तुलना आली की 'दॅन' आलंच. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' यांत तुलना नाही, म्हणून त्यांना 'व्हेन'. दुसरी चूक क्रियापदाची. 'नो सूनर डिड द बेल रँग' असं लिहितात. भूतकाळ 'डिड'नं एकदा उचलला, आता क्रियापद मूळ रूपात: 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.'

नो सूनर-दॅन, आयदर-ऑर, नायदर-नॉर, नॉट ओन्ली-बट ऑल्सो, बोथ-अँड. इंग्रजीतही जोड्या आहेत, त्या या. वर सांगितलेला मोजणीचा हिशेब यांना लावू नका. नो सूनर-दॅन सोडलं तर बाकीच्या जोड्यांत पाहायचं ते एवढंच की दोन्ही भागांच्या मागे एकाच जातीचा शब्द हवा. 'शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नड' यात एकीकडे क्रियापद आणि दुसरीकडे नुसतं भाषेचं नाव. 'शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नड' म्हटलं की तोल सावरतो. 'नायदर-नॉर'मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं: 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.' 'ॲज वेल ॲज' मात्र पहिल्याच कर्त्याचं ऐकतं: 'द प्रिन्सिपल, ॲज वेल ॲज द टीचर्स, वॉज प्रेझेंट.'

'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' हे शब्द अर्थानं 'पण' आणि 'म्हणून' असले तरी ती क्रियाविशेषणं आहेत. नुसत्या स्वल्पविरामानं ती दोन वाक्यं जोडू शकत नाहीत. त्यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या.

त्या बाईंच्या अर्जाचं पुढे काय झालं? 'बट' खोडल्यावर त्यांनी विचारलं, "मग 'ऑल्दो' काढून 'बट' ठेवला तर?" तेही शुद्धच. 'आय वॉज इल, बट आय केम टू ऑफिस.' फरक पडतो तो भर कशावर येतो यात. दोन्ही प्रकारे वाक्य 'मी आले'वर संपत होतं, आणि त्यांना तर पुढे मंगळवारची रजा मागायची होती, म्हणजे आजारपण वाचणाऱ्याच्या मनात राहायला हवं होतं. थोडा वेळ त्या पेन हातात धरून बसल्या. मग त्यांनी वाक्य उलटं फिरवलं: 'आय केम टू ऑफिस ऑन मंडे ऑल्दो आय वॉज इल.' आणि खाली दुसरं जोडलं, 'द फीवर रोज ॲट नाइट, सो आय रिक्वेस्ट लीव्ह फॉर ट्यूझडे.' मग बोट ठेवून दोन्ही वाक्यांतली क्रियापदं मोजली, जोडणारे शब्द मोजले, आणि अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला.