घरात मांजर-कुत्रं आहे? मग कुंड्यांची छाननी अशी करा

विषारी झाडांची यादी मोबाइलवर वाचली की पहिली हुक्की येते ती सगळ्या कुंड्या उचलून गेटबाहेर ठेवण्याची. तसं करू नका. यादीतली बरीचशी झाडं लाळ, उलटी आणि थोडी तणतण यावर भागवतात. जीव घेणारी मोजकीच. शिवाय सांगली-मिरजेकडच्या घरांत खरा धोका बऱ्याचदा कुंडीबाहेरच असतो: पूजेच्या परडीत, खताच्या पोत्यात, वाढदिवसाला आलेल्या बुकेत. तिथंही बघायला हवं.

आधी नावं लावा

सवडीनं गच्ची, बाल्कनी, जिना, परसू असं फिरून प्रत्येक झाडाचा फोटो काढा आणि नर्सरीत दाखवून नाव विचारा. 'शोचं झाड' हे उत्तर घेऊ नका. 'पाम' म्हणून आणलेलं झाड अरेका आहे की सायकस, एवढं कळलं तरी मोठं काम झालं. अरेका मांजरानं चघळला तर पानांच्या चिंध्या होतील, बाकी काही नाही. सायकस मात्र मुळात पाम नाहीच.

घरातून जायलाच हवीत अशी झाडं

सायकस पहिला. सांगलीच्या विश्रामबागेतल्या बंगल्यांपुढे गेटच्या दोन्ही अंगांना तो दिसतो. पानं टोचतात म्हणून जनावर लांब राहील असं वाटतं, पण मादी झाडाला मधोमध लाल-केशरी बिया धरतात, त्या खाली गळतात आणि कुत्र्याच्या पिल्लाला खेळायला गोट्याच मिळतात. त्यातलं सायकासिन हे विष यकृतावर जातं. एक-दोन बिया चावून खाल्ल्या तरी जिवावर बेतू शकतं. आधी उलट्या, मग दोन-तीन दिवसांत हिरड्या नि डोळे पिवळे. झाड काढणं होत नसेल तर निदान बियांचा गड्डा धरताच कापून टाका. पण पानं आणि खोडही विषारीच असतात, त्यामुळे पिल्लू असेल तर झाडच हलवलेलं बरं.

दुसरी कण्हेर; लाल, पांढरी, गुलाबी कुठलीही. बिट्टी म्हणतात ती पिवळी कण्हेर आणि बॉन्सायसारखं जाड बुंध्याचं अडेनियम ही त्याच कुळातली भावंडं. तिन्हींचं विष हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतं. वाळलेली पानंही तितकीच वाईट, म्हणून छाटणी केलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नका.

तिसरी लिली, आणि ही खास मांजरवाल्यांसाठी. बुकेत येणारी मोठी, वासाची, गुलाबी-पांढरी लिली किंवा बागेतली एक दिवस फुलणारी केशरी डे लिली, दोन्ही मांजराच्या किडन्या निकामी करतात. पान खायलाच हवं असंही नाही. मांजर फुलदाणीला अंग घासून जातं, लिलीच्या पुंकेसरांची ती तपकिरी-भगवी पूड पाठीच्या केसांवर बसते, आणि मग मांजर एका जागी बसून निवांत अंग चाटतं. तेवढं पुरतं. फुलदाणीतलं पाणी प्यालं तरी तेच. कुत्र्याला यातून सहसा पोटाच्या तक्रारीपलीकडे काही होत नाही, पण मांजर असलेल्या घरात लिलीचा बुके दारातूनच परत पाठवा. देणाऱ्याला राग आला तर येऊ दे.

इथं एक गोंधळ होतो. हारवाल्याकडे 'लिली' म्हणून कळ्यांच्या ज्या पांढऱ्या जुड्या मिळतात ती वेगळी. तिचा कांदा खाल्ला तर उलट्या होतात, किडनी जात नाही. आणि पीस लिली तर अळूच्या कुळातली.

जागा बदलली की भागणारी झाडं

मनी प्लांट, डिफेनबेकिया, अॅग्लोनेमा, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, अँथुरियम, पीस लिली ही सगळी अळूची गणगोत. यांच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. फतफत्याला चिंच घालायची विसरली की घसा खाजतो ना, तोच प्रकार, फक्त इथं पान कच्चं आणि तोंड लहान. जनावर लाळ गाळतं, पंजानं तोंड घासतं, खात नाही. बहुतेक वेळा स्वतःच थांबतं. डिफेनबेकियानं जीभ-घसा जास्त सुजू शकतो, तेव्हा तो आधी वर न्या.

कुत्र्यासाठी 'वर' म्हणजे छताचं हुक किंवा भिंतीवरची जाळी. मांजरासाठी 'वर' असं काही नसतं. फ्रिजवर चढणारं मांजर कुंडीपर्यंत पोहोचतंच. त्यामुळे मांजर असेल तर ही झाडं दार बंद राहणाऱ्या खोलीत, नाहीतर बाहेर. मनी प्लांटचे खाली लोंबणारे वेल तर कापाच, हलणाऱ्या टोकाशी खेळताना त्याला चावायचा मोह होतोच.

स्नेक प्लांट, लकी बांबू, ड्रॅसेना, कोरफड यांनी उलट्या-जुलाब होतात. कोरफडीचा त्रास सालीखालच्या पिवळ्या चिकाचा. कुत्र्याच्या खाजेवर कोरफड चोळायचा घरगुती उपाय म्हणूनच टाळा, तो चाटणारच.

परडी आणि निर्माल्य

गणपतीच्या २१ पत्रींत कण्हेर, धोतरा आणि रुई तिन्ही असतात. शनिवारी मारुतीची रुईची माळ असते ती वेगळीच. परंपरेला हात लावायचं कारण नाही, फक्त पत्री खाली ताटात ठेवू नका आणि निर्माल्य झाकणाच्या बादलीत टाका. धोतरा खाल्लेलं कुत्रं झोकांड्या खातं, बुबुळं मोठी होतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. आजी ऐकत नसतील तर निर्माल्याची बादली तेवढी आपल्या ताब्यात घ्या.

खताचं पोतं

याकडे कुणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर. एरंडी पेंड हे चांगलं सेंद्रिय खत, पण एरंडाच्या बियांतलं रायसिन हे विष नीट नष्ट झालेलं नसेल तर ती पेंड जीवघेणी ठरते. त्यात बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, मिसळलेलं असेल तर कुत्र्याला ते खाणंच वाटतं. पोतं फाडून तो पोटभर खातो, आणि उलट्या, रक्ताचे जुलाब पुष्कळदा काही तासांनी सुरू होतात, म्हणजे तोवर पोत्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते. पेंड पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा. कुंडीत घातली तर मातीत खोल मिसळा. कुत्र्याला उकरायची सवय असेल तर एरंडी पेंड आणूच नका, शेणखत किंवा गांडूळखत वापरा. फवारणी केलेल्या कुंड्या पूर्ण वाळेपर्यंत जनावर आत ठेवा.

झाडांचा विषय नसला तरी आपल्या जिल्ह्यात सांगायलाच हवं: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्यांना घातक आहेत. टार्टारिक आम्ल हे त्याचं कारण असावं, असं २०२१ मध्ये पुढं आलं. एका कुत्र्याला पचले म्हणून दुसऱ्याला पचतील असं नाही. तासगावच्या पाहुण्यांनी आणलेला बेदाण्याचा पुडा टीपॉयवर उघडा ठेवू नका.

चघळायला काहीतरी द्या

मांजराला हिरवं खायची ओढ असतेच. पसरट भांड्यात गहू पेरा, आठवड्याभरात गवत तयार होतं. घरात शाळूचं बी पडलंय म्हणून ज्वारी मात्र पेरू नका. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, ते गुरांना बाधतं हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. हौसेची झाडं हवीत तर अरेका, स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न, गुलाब, मोगरा यांनी घर भरा.

खाल्लंच तर

तोंडातला पाला बोटानं काढा, ओल्या फडक्यानं तोंड पुसा. अंगावर लिलीची पूड असेल तर चाटू न देता धुऊन काढा. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, मिठाचीच बाधा होते. तूप, ताक, तेल काही पाजू नका. झाडाची फांदी किंवा फोटो, उलटी झाली असेल तर तिचा नमुना, किती वाजता खाल्लं आणि जनावराचं वजन, एवढं घेऊन निघा. निघता निघता डॉक्टरांना फोन करा. गुरांचे डॉक्टर जवळ असतील तर त्यांच्याकडेच आधी जा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण सांगलीहून ते अंतर पहिल्या उपचारासाठी फार लांबचं. पुढं गरज पडली तर डॉक्टर चिठ्ठी देतील.

सायकस, कण्हेर, एरंडी पेंड आणि लिली यांत लक्षणं दिसायची वाट बघू नका. लिलीत १८ तासांच्या आत सलाइन सुरू होणं महत्त्वाचं, त्यानंतर किडन्या वाचणं अवघड होत जातं. मांजर संध्याकाळी उलटी करून रात्री बरं वाटल्यासारखं दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. तरीही किडन्यांची हालत दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन पुढचे दोन-तीन दिवस रोज तपासून घ्या.