माउंट अडल्यावर: प्रायोगिक फाइल सिस्टिमसोबतचे काही महिने

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर वाढत गेली, तशी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने तिकडे कामाला जाणाऱ्यांची संख्याही वाढली. लिनक्स ॲडमिनच्या पहिल्या नोकरीसाठी मुलाखतीला येणारी बहुतेक मुले फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, या विषयात ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या नावांपर्यंत तयारी करून आलेली असतात. मात्र माउंट, म्हणजे डिस्क वापरासाठी यंत्राला जोडून घेणे, अडले तर पहिल्यांदा कुठे पाहाल, असे विचारले की त्यांचे उत्तर तिथेच थांबते. मीही त्यांच्यातलाच होतो. वर्षानुवर्षे वापरात असलेल्या फाइल सिस्टिम सहसा अडत नाहीत, त्यामुळे अडल्यावर काय करायचे हे त्यांच्याकडून शिकायलाही मिळत नाही. म्हणून कळव्याच्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर मी मुद्दाम बीकॅशएफएस ही प्रायोगिक फाइल सिस्टिम उभी केली.

केंट ओव्हरस्ट्रीट यांनी लिहिलेली ही फाइल सिस्टिम कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, त्यांच्याच बीकॅश या एसएसडी कॅशच्या कामातून वाढली. जुना मजकूर जागच्या जागी न खोडता ती नवा मजकूर दुसरीकडे लिहिते, प्रत्येक तुकड्याचा चेकसम (मजकूर बिघडला का हे ताडण्याचा आकडा) ठेवते, आणि अनेक डिस्क एकत्र बांधणे, कॉम्प्रेशन, स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची जपलेली प्रत) ही कामेही स्वतःच करते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ या कर्नलमध्ये ती ‘एक्सपेरिमेंटल’ या शिक्क्यानिशी दाखल झाली. या शिक्क्याला बिचकण्याचे कारण नाही, कारण आज सर्वत्र दिसणारी ईएक्सटी४ सुद्धा २००६ साली ईएक्सटी४डेव्ह या नावाने कर्नलमध्ये आली आणि २००८ च्या अखेरीस स्थिर ठरली. फक्त ज्याची दुसरी प्रत नाही असे काहीही बीकॅशएफएसवर ठेवू नये.

नवोदितांनी सुरुवात खऱ्या डिस्कवर करूच नये. ट्रंकेट या कमांडने दहा जीबीची एक रिकामी फाइल तयार करावी. फाइलींची यादी देणारी एलएस ही कमांड तिचा आकार दहा जीबी दाखवते, पण खर्च झालेली जागा मोजणाऱ्या डीयूला विचारले तर शून्य, कारण प्रत्यक्षात जागा अजून खर्चच झालेली नसते. ही फाइल लोसेटअप या कमांडने लूप डिव्हाइसला, म्हणजे फाइलला डिस्कचे रूप देणाऱ्या सोयीला, जोडली की कर्नलच्या लेखी ती एक डिस्क होते, आणि तिच्यावर बिनधास्त फॉरमॅट चालवता येतो. फॉरमॅटच्या आधी डिस्क दाखवणाऱ्या एलएसबीएलके या कमांडची यादी वाचून डिव्हाइसचे नाव आणि आकार ताडून पाहावा. जागेवर आधीच एखादी फाइल सिस्टिम असेल तर फॉरमॅट करणारे साधन विचारते खरे, पण ‘वाय’ दाबण्याची बोटांची सवय त्या प्रश्नापेक्षा चपळ असते. एक फाइल जमली की दोन घ्याव्यात, रेप्लिका, म्हणजे मजकुराच्या प्रती, दोन ठेवून दोन्हींवर मिळून एकच फाइल सिस्टिम बांधावी आणि माउंट करताना दोन्ही डिव्हाइसची नावे मध्ये कोलन घालून एकत्र द्यावीत. मी पहिल्यांदा एकच नाव देऊन बराच वेळ चूक शोधत बसलो होतो.

माउंट अडले की पडद्यावर एक लांबलचक ओळ येते, तिचा मतितार्थ असा: फाइल सिस्टिमचा प्रकार चुकला, किंवा पर्याय चुकला, किंवा सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला भाग) खराब, किंवा कोडपेज (अक्षरांचा तक्ता) अथवा मदतनीस प्रोग्राम नाही, किंवा दुसरेच काही. एका दमात इतकी कारणे सांगणारी ओळ खरे तर एकही कारण सांगत नसते. खरे कारण कर्नलच्या नोंदीत असते, म्हणून ती दाखवणारी डीमेसेज ही कमांड लगेच चालवून शेवटच्या दहा-पंधरा ओळी वाचाव्यात. प्रकारच अनोळखी असल्याचे सांगितले गेले, तर प्रॉक डिरेक्टरीतील फाइलसिस्टिम्स ही फाइल उघडावी. चालू कर्नलला त्या क्षणी माहीत असलेल्या सगळ्या फाइल सिस्टिमची नावे तिच्यात असतात. नाव नसेल तर मॉडप्रोब या कमांडने तिचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडता येणारा भाग, चढवून पुन्हा पाहावे.

हे ज्ञान मला महागात पडून मिळाले. लूप डिव्हाइसवर हात बसल्यावर मी लॅपटॉपमधल्या दुसऱ्या डिस्कवर बीकॅशएफएस केली आणि यंत्र सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये तिची ओळ घातली. दरम्यान, कर्नलच्या आरसी, म्हणजे प्रकाशनापूर्वीच्या चाचणीच्या, टप्प्यात केवळ दुरुस्त्याच पाठवाव्यात या शिरस्त्यावरून ओव्हरस्ट्रीट आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यात वारंवार खटके उडत होते, ६.१७ मध्ये या फाइल सिस्टिमची देखभाल कर्नलबाहेर होत असल्याची नोंद झाली आणि २०२५ च्या अखेरीस आलेल्या ६.१८ मधून तिचा कोडच काढून टाकण्यात आला. हे सगळे मी वाचले होते, तरीही रात्री अपडेट चालवून झोपलो. सकाळी लॅपटॉप इमर्जन्सी मोडमध्ये अडकलेला होता आणि रूट, म्हणजे सर्वाधिकारी, खाते लॉक असल्याचे सांगत होता. डिस्क धडधाकट होती. ती वाचणारे मॉड्यूल तेवढे नव्या कर्नलमध्ये नव्हते.

बूट मेनूतून जुना कर्नल निवडल्यावर सर्व काही जागच्या जागी मिळाले. पहिले काम म्हणून एफएसटॅबच्या त्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घातला, म्हणजे ही डिस्क जोडता आली नाही तरी यंत्र सुरू होते. त्यानंतर कर्नलबाहेरचे मॉड्यूल दर अपडेटला नव्याने बांधणारे डीकेएमएस पॅकेज टाकले, तरी नव्या कर्नलवर माउंट पुन्हा अडले, कारण मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या त्या कर्नलच्या फाइली, म्हणजे हेडर्स, यंत्रावर नव्हते आणि मॉड्यूल बांधलेच गेले नव्हते. हेडर्स टाकून पुन्हा बांधणी केली, डीकेएमएस स्टेटसने ‘इन्स्टॉल्ड’ असे उत्तर दिले, तेव्हा डिस्क जोडली गेली. आता मी जुना कर्नल लगेच काढत नाही आणि अपडेट शनिवारी सकाळी चालवतो.

डिस्क उतरवताना यूमाउंट या कमांडनेही एकदा अडवले आणि जागा वापरात असल्याचे सांगितले. कोणती प्रोसेस (चालू प्रोग्राम) तिथे बसली आहे हे फ्यूझर या कमांडने शोधले, तर ती माझीच टर्मिनल खिडकी होती, त्याच डिरेक्टरीत उघडी राहिलेली.