तापत्या फरशीखाली उष्णतारोधक थर कसा घालावा

कॅनडात जमिनीवर थेट ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये गरम पाण्याचे पाइप पुरून घर उबदार ठेवण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. कॅल्गरी किंवा टोरांटोच्या परिसरात घर बांधून घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी अशी फरशी ठरवताना बॉयलरच्या निवडीइतकेच लक्ष स्लॅबखालच्या थराकडे द्यावे, कारण बॉयलर पुढे बदलता येतो, पण काँक्रीटखाली राहिलेली उणीव फरशी फोडल्याशिवाय भरून काढता येत नाही.

उष्णता वर जाते, मग खाली थर कशाला, असा प्रश्न हमखास विचारला जातो. वर चढते ती गरम हवा; काँक्रीटमधली उष्णता मात्र जिकडे गारवा असेल तिकडे, म्हणजे खाली आणि बाजूंनाही, सारखीच वाहते. समजा, स्लॅब २८ अंश सेल्सिअस आणि खालची माती ८ अंशांवर आहे. मध्ये २ इंच एक्सपीएस (दाबून काढलेला घट्ट पॉलिस्टायरीन) फोम, म्हणजे सुमारे आर-१० इतका रोध असेल (आर हे उष्णतारोधाचे माप; आकडा जितका मोठा तितकी गळती कमी), तर दर चौरस मीटरमागे साधारण ११ वॅट खाली जातात. फोम १ इंचच असेल तर ही गळती दुप्पट होते आणि ती हिवाळाभर अखंड चालते. म्हणून २ इंच ही मी किमान जाडी मानतो आणि प्रेअरी प्रांतांच्या (अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा) थंडीत ३ ते ४ इंच घालावेत असे माझे मत आहे. स्थानिक बांधकाम नियमांतला किमान आकडा आधी पाहावाच.

प्रथम माती चोपून घ्यावी आणि तिच्यावर सुमारे ४ इंच स्वच्छ खडी पसरून सपाट करावी. ही खडी जमिनीतला ओलावा वर चढू देत नाही आणि रेडॉन हा मातीतून येणारा किरणोत्सर्गी वायू बाहेर काढणाऱ्या नळीलाही तीच वाट देते. खडी उंचसखल राहिली तर फोमचे तक्ते डुगडुगतात आणि ओतकामाच्या वेळी पायाखाली मोडतात.

तक्ते एक्सपीएसचे किंवा जास्त घनतेच्या ईपीएसचे (थर्मोकोलसारखा, फुगवलेल्या मण्यांचा फोम) घ्यावेत. ईपीएसचा रोध इंचामागे सुमारे आर-४, तर एक्सपीएसचा आर-५ असतो, त्यामुळे ईपीएस थोडे जाड घ्यावे लागते. शक्यतो दोन थर घालावेत आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत.

सर्वांत जास्त काळजी कडेची घ्यावी. पायाची भिंत बाहेरच्या थंडीला भिडलेली असते. स्लॅब तिला टेकला तर खालचा थर कितीही जाड असला तरी उष्णता त्या वाटेने निघून जाते. म्हणून स्लॅबच्या पूर्ण जाडीइतका फोम भिंतीलगत उभा लावावा. त्याची वरची कड तिरपी कापली तर काँक्रीट भिंतीजवळ निमुळते होत जाते आणि फोम दिसत नाही. गॅरेजच्या दाराचा उंबरठा आणि खांबांभोवतीची जागा येथेही हा फोम खंडित होऊ देऊ नये.

ओलावा अडवणारा पॉलिथिनचा कागद फोमच्या वर, काँक्रीटला लागून अंथरावा, एकावर एक किमान ३०० मिलिमीटर चढवावा आणि सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. तो फोमखाली घातला तर पावसाचे पाणी तक्त्यांच्या सांध्यांत साचून राहते. मात्र तो वर असताना पाइप लांब पिनांनी फोममध्ये ठोकू नयेत, कारण प्रत्येक पिनेने कागदाला भोक पडते. पाइप काँक्रीटमध्ये घालायच्या लोखंडी जाळीला बांधावेत.

चकाकत्या बुडबुड्यांच्या पातळ गुंडाळ्या फोमऐवजी विकल्या जातात, त्या येथे घेऊ नयेत. चकाकीचा उपयोग तिच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच होतो, आणि काँक्रीटखाली ती पोकळीच नसते.

ओतकामापूर्वी पाइपांत हवेचा दाब भरून मापकावर लक्ष ठेवावे, काँक्रीट पडत असतानाही तो दाब कायम ठेवावा, आणि जड ढकलगाड्या फोमवरून थेट न नेता फळ्या टाकून न्याव्यात.