गोठ्यावर कामाला लागण्याआधीची तयारी

सिन्नरकडच्या शेळ्या-मेंढ्यांवर, दिंडोरीच्या एखाद्या पोल्ट्रीवर किंवा पंचवटीतल्या म्हशींच्या गोठ्यावर कामाला लागणार असाल, तर तयारीची सुरुवात दवाखान्यातून करा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून बघा. 10 वर्षं उलटून गेली असतील किंवा आठवतच नसेल, तर घेऊन टाका. मग रेबीजची लस, आणि तीही चावण्याआधीच. पहिल्या डोसनंतर 7व्या दिवशी दुसरा आणि 21व्या किंवा 28व्या दिवशी तिसरा असे डोस असतात, म्हणून कामाच्या तारखेआधी महिनाभर हाताशी ठेवा. कुत्र्यांशी आपला काय संबंध, असं गोठ्यावरच्या माणसाला वाटतं. पण पिसाळलेलं कुत्रं गाई-म्हशींनाही चावतं. अशा म्हशीला मग गिळता येत नाही, लाळ गळते, आणि घशात काहीतरी अडकलं असेल म्हणून आपण सरळ तिच्या तोंडात हात घालतो. तिथे लस घेतलेली असणं फार मोलाचं ठरतं. ती घेतली असली तरी चावल्यावर किंवा जखमेला लाळ लागल्यावर त्या दिवशी एक आणि 3ऱ्या दिवशी एक डोस घ्यावाच लागतो. त्याआधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही.

सामानात गमबूट, रबरी अ‍ॅप्रन, साधे हातमोजे, खांद्यापर्यंतचे लांब हातमोजे, एन-95 मास्क, डोळ्यांवरचा चष्मा आणि साबण हवा. कामाचे कपडे गोठ्यावरच राहू द्या. ते घरी नेऊन लेकरांच्या कपड्यांबरोबर भिजत घालू नका. वासरांच्या अंगावरचं गजकर्ण असंच घरापर्यंत पोचतं.

लांब हातमोजे कशाला, असं मालक विचारेल. ते वेताच्या रात्रीसाठी. गोठ्यातला सगळ्यात मोठा धोका लाथेपेक्षाही तिथे आहे, असं माझं ठाम मत आहे. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली (गर्भ पडला), वार (गर्भाबरोबर बाहेर पडणारी नाळ-पिशवी) अडकली, तर ब्रुसेलाची, म्हणजे जनावरांकडून माणसालाही होणाऱ्या एका जंतूच्या आजाराची, शंका घ्यायची. गाभडलेलं वासरू, वार आणि अंगावरून जाणारा स्राव यांत हे जंतू खच्चून भरलेले असतात. हातावरच्या बारीक चिरांतून, डोळ्यांतून, श्वासातूनही ते आपल्या अंगात शिरतात. म्हणून उघड्या हाताने वार ओढायची नाही. काही गावांत वार झाडाला टांगतात, काही ठिकाणी कुत्र्यांपुढे टाकतात. दोन्ही बंद करा. चुना टाकून खोल खड्ड्यात पुरा आणि जागा जंतुनाशकाने धुऊन घ्या. घरात कोणी गरोदर असेल, तर तिला गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांच्या वेताजवळ अजिबात येऊ देऊ नका. त्यांच्यापासून होणारे काही आजार पोटातल्या बाळाला धोक्याचे असतात. कामाला लागताना मालकाला एवढंच विचारा की कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस दिली आहे का. एकदाच द्यायची असते. ती टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली, तर ताबडतोब डॉक्टरकडे जा, कारण त्या लशीत जिवंत जंतू असतात. आणि धारोष्ण दूध अंगाला लागतं हे कितीही ऐकलं असलं, तरी दूध उकळूनच प्या.

ब्रुसेलाचा आजार माणसात चटकन ओळखू येत नाही, हीच मोठी अडचण. ताप येतो-जातो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे दुखतात, पुरुषांमध्ये कधी वृषण सुजतात. दवाखान्यात टायफॉइड, मलेरिया म्हणून गोळ्या मिळतात आणि आठवडे निघून जातात. म्हणून तापासाठी कुठल्याही दवाखान्यात गेलात, मग तो गावातला असो की नाशिकचं सिव्हिल, पहिलं वाक्य हेच असू द्या: "मी जनावरांत काम करतो." गेल्या महिन्यात गाय गाभडली असेल तर तेही सांगा. ब्रुसेलाचा इलाज सहसा सहा आठवडे चालतो. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. जनावरांत काम करण्याचं ते पहिलं वाक्य घरच्यांकडूनही पाठ करून घ्या, आपण शुद्धीवर नसलो तर ते सांगतील.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात गोठ्यात साचलेलं मुताचं पाणी लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या जंतूंचं, घर असतं. पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय उतरू नका. गोचीड नखाने चिरडायची सवय मोडा. चिमट्याने काढा आणि रॉकेलमध्ये टाका. पोल्ट्रीत लिटर (कोंबड्यांखाली अंथरलेला भुसा) हलवण्याआधी पडदे वर करून हवा खेळू द्या. डोळे चुरचुरले की अमोनिया वाढला समजा. तिथल्या धुळीला रुमालाचा उपयोग नाही, मास्कच लागतो; पण अमोनिया वायू एन-95 मास्कही अडवत नाही. पक्षी एकाएकी पटापट मरायला लागले, तर हात न लावता कळवा. जवळच्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला 2006 मध्ये बर्ड फ्लू आला होता, तेव्हा ही लांबची गोष्ट नाही.

शेणाच्या बंद टाकीत कोणी पडलं, तरी त्याच्या मागे आत उतरायचं नाही. तिथला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो आणि वाचवायला गेलेलाही दगावतो. वरून दोर टाका, माणसं बोलवा. अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, तर ते फाडायचं नाही, कातडंही काढायचं नाही. ही काळपुळी, म्हणजे माणसालाही होणारा अँथ्रॅक्स, असू शकते. जनावरांसाठी 1962 आणि माणसांसाठी 108 हे नंबर गोठ्याच्या भिंतीवर रंगाने मोठे लिहून घ्या.

पगार ठरवताना लशी, हातमोजे आणि मास्क यांचा खर्च कोण करणार, म्हशीने लाथ मारून पाय मोडला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, हे चारचौघांसमोर बोलून घ्या. हा खर्च मालकाचाच आहे. मागायला लाजू नका.